उजळलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

कर्करोग शरीरात कोठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी पेट स्कॅन ही तपासणी फार उपयोगी पडते. परंतु या तपासणीत प्रत्यक्ष कर्करोग दिसत नाही. दिसते ती पेशींची साखरेची भूक. रुग्णाच्या शिरेत ग्लुकोजसारखा एक पदार्थ टोचतात. त्याच्या रेणूत फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू असतो. ज्या पेशी हा पदार्थ अधिक प्रमाणात ओढून घेतात, त्यांची जागा चित्रात उजळते. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज फार मोठ्या प्रमाणात वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवून दिले होते.

तथापि, अशी भूक केवळ कर्करोगाच्याच पेशींना असते असे नाही. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही ती असते. म्हणून क्षयाची गाठ, बुरशीचा संसर्ग किंवा शस्त्रक्रियेची भरत आलेली जखम कर्करोगाप्रमाणेच उजळू शकते. निरोगी शरीरही कधी कधी चकवते. थंडी वाजत असल्यास मानेजवळील तपकिरी मेद उजळतो. तपासणीपूर्वी व्यायाम केल्यास स्नायू, तर मधुमेहावरील मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे आतडे उजळते. २०२१ साली कोविडची लस घेतलेल्या अनेकांच्या त्याच बाजूच्या काखेतील लसिकाग्रंथी अशाच उजळलेल्या आढळल्या.

जगातील सुमारे एकचतुर्थांश क्षयरोगी भारतात आहेत. त्यामुळे येथे हा प्रश्न विशेष गंभीर ठरतो. समजा, एखाद्याच्या उजव्या फुप्फुसात कर्करोगाची लहान गाठ आहे आणि छातीच्या मध्यभागी, डाव्या बाजूच्या लसिकाग्रंथीही उजळल्या आहेत. त्या कर्करोगाच्या असतील, तर सहसा शस्त्रक्रिया करीत नाहीत. त्या क्षयाच्या असतील, तर मात्र ती गाठ काढून रुग्ण बरा होण्याची आशा असते. केवळ चित्रावर विसंबल्यास ही संधी हातची जाते.

यासाठी, ज्या ग्रंथीवर उपचारांचा निर्णय अवलंबून असेल, तिच्यातील पेशी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आवश्यक असते. रुग्णानेही पूर्वी झालेला क्षय, अलीकडची शस्त्रक्रिया, घेतलेली लस आणि चालू औषधे यांची माहिती तपासणीपूर्वीच डॉक्टरांना द्यावी.