सालेकसा

गोंदियाहून हावड्याच्या दिशेने निघालेली आगगाडी आमगाव मागे टाकते. धानाच्या बांध्या हळूहळू विरळ होत जातात, क्षितिजावर वनाच्छादित टेकड्या दिसू लागतात आणि सालेकसा स्थानक येते. अनेक जलद गाड्या येथे न थांबताच पुढे जातात. त्यामुळे प्रवाशांना या गावाचे नावही ठाऊक नसते.

सालेकसा हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील तालुक्याचे गाव होय. पूर्वी ते भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ साली गोंदिया जिल्हा निर्माण झाला, तेव्हा ते त्यात आले. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही राज्ये येथून जवळच आहेत. साहजिकच मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी व छत्तीसगडी या भाषाही या भागात कानी पडतात.

पुढे दरेकशाजवळ लोहमार्ग डोंगरातील बोगद्यात शिरतो. पावसाळ्यात तेथील हाजरा धबधबा पाहण्यास पुष्कळ लोक येतात. परंतु या तालुक्याचे खरे महत्त्व कचारगडच्या विस्तीर्ण नैसर्गिक गुहेत आहे. या गुहेत कोंडलेल्या बालकांची सुटका पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी केली, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेच्या यात्रेस दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव येथे येतात.

मुलांनो, केवळ मौजेसाठी आलेल्या माणसाला कचारगडावर पाषाण आणि अंधार एवढेच दिसेल. श्रद्धाळू गोंडाला मात्र तेथे आपल्या पूर्वजांचे घर दिसते. दुसऱ्याच्या घरी आपण ज्या अदबीने पाऊल टाकतो, त्याच अदबीने या डोंगरावर चढावे. गलका करू नये, कचरा टाकू नये. जाणत्या माणसापाशी बसून त्याच्या तोंडून ही कथा ऐकावी. अशा प्रवासानेच आपला देश आपल्याला कळू लागतो.