कारागृहाला डाळ पुरवायची आहे...

प्रश्न : बार्शीत माझी छोटी डाळमिल आहे. सोलापूर जिल्हा कारागृहाला तूरडाळ पुरवायची इच्छा आहे. काय तयारी करू?

उत्तर : कारागृहात स्वयंपाक बंदीच करतात, ठेकेदाराकडून हवा असतो तो शिधा. निविदेसाठी महाटेंडर्स संकेतस्थळावर नोंदणी आणि डिजिटल स्वाक्षरी करून घ्या. अन्नसुरक्षा परवाना, जीएसटी, पॅन जवळ ठेवा.

दर भरण्याआधी अटी शब्दन्‌शब्द वाचा. भाव तुरीच्या आजच्या दरावर ठरवू नका. कराराची पूर्ण मुदत, वाहतूक, हमाली, बारदान आणि अनामत रक्कम धरूनच आकडा लिहा. फार खाली दर लावला, की हलकी डाळ देऊन तोटा भरून काढायचा मोह होतो. तिथेच घात होतो.

तुम्ही उत्पादक आहात, म्हणून उद्यम नोंदणी पुरवठ्याआधीच करा. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्येक खेपेची सही-शिक्क्याची पोच जपा.

खेप पाठवण्याआधी मूठभर डाळ ताटात पसरून पाहा: खडा, कीड, कोंदट वास नको. बंद्याला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. आपल्या घरी शिजेल तीच डाळ तिथे पाठवा.