घोड्याचा भाव कोण ठरवतं?

प्रश्न : अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत 2022 साली रिच स्ट्राइक नावाचा घोडा जिंकला आणि त्याच्यावर दोन डॉलर लावणाऱ्याला 163 डॉलर 60 सेंट मिळाले. उलट जपानमध्ये 2005 साली डीप इम्पॅक्ट जिंकला, तेव्हा शंभर येन लावणाऱ्याच्या हातात शंभर येनच परत आले. घोडा जिंकूनही फायदा शून्य! हे भाव ठरवतं कोण? आणि तिकडे लोक ‘हँडिकॅपिंग’ नावाचा अभ्यास करतात, तो नीट केला तर खरंच पैसे मिळतात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचे प्रश्न दोन दिसत असले तरी पहिल्याची गाठ सुटली की दुसराही निम्मा सुटतो. त्यामुळे आधी भावाकडे वळू.

कोणीतरी जाणकार माणूस सगळे घोडे पारखून भाव लिहितो, असा बहुतेकांचा समज असतो. बुकीच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर परवानाधारक बुकी भाव सांगतो आणि तुम्ही पैसे लावलेत की तुमच्यापुरता तो भाव पक्का होतो. तिथेच शेजारी टोटेची खिडकी असते. तिचा हिशेब मात्र वेगळा. अमेरिकेतल्या रेसकोर्सवरच्या खिडक्या आणि जपानमधल्या सगळ्या शर्यती या दुसऱ्या पद्धतीने चालतात. तिथे भाव कोणीच ठरवत नाही, तो आपोआप तयार होतो.

कसा, ते छोट्या उदाहरणाने पाहू. समजा, एका शर्यतीत ‘पहिला कोण’ या पैजेवर सगळ्यांनी मिळून 10,000 रुपये लावले. रेसकोर्स त्यातले 20 टक्के, म्हणजे 2,000 रुपये, आधीच बाजूला काढतं. ही जणू बाजार समितीतली अडत. माल कोणाचाही विकला जावो, अडत ठरलेली. उरलेले 8,000 रुपये जिंकणाऱ्यांत वाटायचे. एका घोड्यावर 4,000 रुपये लागले असतील आणि तो जिंकला, तर रुपयाला दोन रुपये मिळतील. दुसऱ्यावर फक्त 200 रुपये लागले असतील आणि तो जिंकला, तर रुपयाला चाळीस. घोडा किती पळतो याचा या भागाकाराशी थेट संबंध नाही. त्याच्यावर किती पैसे लागले, एवढंच त्यात येतं.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या जोसेफ ओलेरने काढली. तिच्या ‘पारी म्युच्युएल’ या नावाचा अर्थच मुळी आपापसातली पैज. केंटकी डर्बी ज्या लुइव्हिल शहरात 1875 पासून भरते, तिथे 1908 साली नगरपालिकेने बुकींवर बंदी आणली. तेव्हा चर्चिल डाउन्स रेसकोर्सच्या मॅट विन यांनी अडगळीत पडलेली जुनी पारी म्युच्युएल यंत्रं शोधून काढली आणि शर्यत पार पाडली. जपानमध्ये मोठ्या शर्यतींचा कारभार 1954 साली स्थापन झालेली जपान रेसिंग असोसिएशन ही संस्था पाहते. तिथे कायदेशीर बुकी नाहीतच.

आता तुमची दोन उदाहरणं. डीप इम्पॅक्टने 2005 साली जपानमधल्या तीन मोठ्या शर्यतींची ‘ट्रिपल क्राउन’ पूर्ण केली. त्यातल्या शेवटच्या शर्यतीत, क्योतोच्या किक्का शोमध्ये, विजेत्याच्या पैजेवर लागलेल्या दर शंभर येनपैकी 79 येन त्या एकट्यावर होते. अडत वजा केल्यावर वाटायला जेमतेम तेवढेच उरले. म्हणून शंभराला शंभर. लोकांचा हा हिरमोड पाहून संस्थेने 2008 पासून अशा वेळी, शक्य असेल तिथे, शंभरामागे दहा येन जादा द्यायला सुरुवात केली.

रिच स्ट्राइकचं नेमकं उलटं झालं. हा घोडा आदल्या वर्षी 30,000 डॉलरला विकला गेलेला. डर्बीत जास्तीत जास्त वीस घोडे पळतात आणि तो राखीव यादीत होता. आदल्या दिवशी एका घोड्याने माघार घेतली म्हणून त्याला जागा मिळाली. त्याच्यावर पैसे लावणार कोण? त्यात आघाडीच्या घोड्यांनी पहिले दोन फर्लांग 21.78 सेकंदांत कापले. डर्बीच्या इतिहासातली ही सर्वांत वेगवान सुरुवात होती. दहा फर्लांगांच्या शर्यतीत असा वेग शेवटपर्यंत टिकत नाही. पुढचे दमले, आणि मागून आलेल्या रिच स्ट्राइकने शेवटच्या क्षणी फेव्हरिट, म्हणजे सर्वांत जास्त पैसे लागलेल्या, एपिसेंटरला गाठलं. भाव होता एकास ऐंशी. डर्बीत याहून मोठा भाव एकदाच मिळाला आहे, 1913 साली डॉनरेलला, एकास एक्क्याण्णव.

इथे दोन गैरसमज दूर करू. पहिला, भाव लिहिण्याच्या रीतीचा. अमेरिकेत ‘2-1’ म्हणजे लावलेला रुपया परत आणि वर दोन रुपये. जपानमध्ये ‘2.0’ म्हणजे सगळे मिळून दोनच, मूळ रुपया त्यातच आला. त्यामुळे दोन्ही देशांचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर चूक होते. दुसरा गैरसमज फलकावरच्या आकड्याचा. तिकीट घेताना रुपयाला दहा दिसत होते आणि हातात सहाच आले, म्हणून फसवलं गेल्यासारखं वाटतं. पण तुमच्यानंतरही लोक पैसे लावत असतात, आणि सगळ्यांना मिळतो तो शेवटचा भाव. अमेरिकेत सकाळी एक अंदाजी भावांची यादीही छापतात. ती करणारा माणूस कोण जिंकेल हे सांगत नसतो. लोक पैसे कुठे लावतील, याचा अंदाज तो बांधतो.

आता हँडिकॅपिंग. या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यामुळेच घोळ होतो. मूळ अर्थ वजनाचा. सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमकुवत घोड्यावर कमी, म्हणजे चुरस बरोबरीची होईल. आपल्याकडच्या कितीतरी शर्यती अशाच असतात. केंटकी डर्बी मात्र तशी नाही. तिथे सगळे तीन वर्षांचे नर घोडे 126 पौंड, म्हणजे सुमारे 57 किलो, वजन घेऊन पळतात. अमेरिकेत पैज लावणारा ‘मी हँडिकॅपिंग करतो’ म्हणतो, तेव्हा त्याला दुसरा अर्थ अभिप्रेत असतो : घोड्यांच्या मागच्या कामगिरीचा अभ्यास करून प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता ठरवणं.

या अभ्यासाचं तिथलं मुख्य साधन म्हणजे 1894 पासून निघणारं ‘डेली रेसिंग फॉर्म’ हे वृत्तपत्र. प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यती, वेळा, अंतरं, जॉकी, सारं त्यात बारीक अक्षरांत असतं. पण नुसत्या वेळेला फारसा अर्थ नाही, कारण एखाद्या दिवशी ट्रॅक घट्ट असतो तर एखाद्या दिवशी मऊ. अँड्र्यू बेयर या पत्रकाराने त्या-त्या दिवशीचा ट्रॅक हिशेबात धरून वेगाचा एकच आकडा काढायची पद्धत बसवली आणि 1975 साली पुस्तकातून ती लोकांसमोर ठेवली. या आकड्यामुळे वेगवेगळ्या ट्रॅकवरच्या, वेगवेगळ्या दिवशीच्या धावांची तुलना करता येऊ लागली.

जपानी अभ्यासाचा तोंडवळा निराळा. तिथल्या रेसच्या वृत्तपत्रांत प्रत्येक जाणकाराची पसंती चिन्हांनी दाखवतात. दुहेरी वर्तुळ म्हणजे पहिली पसंती, साधं वर्तुळ म्हणजे तिचा प्रतिस्पर्धी, मग त्रिकोण. शर्यतीआधी प्रत्येक घोड्याचं त्या दिवशीचं वजन आणि मागच्या वेळेपेक्षा ते किती किलोंनी वाढलं वा घटलं, हेही जाहीर होतं. ट्रॅकचा विचार तर करावाच लागतो. अमेरिकेतल्या शर्यती डावीकडे वळत धावतात आणि केंटकी डर्बीसारख्या प्रमुख शर्यती मातीवर होतात. जपानच्या प्रमुख शर्यती बहुतेक हिरवळीवर, आणि वळण रेसकोर्सनुसार बदलतं. टोकियोला डावीकडे वळतात आणि शेवटची सरळ धाव 500 मीटरहून लांब आहे. तिथे मागच्या घोड्याला सावरून पुढे यायला वेळ मिळतो. नाकायामाला उजवीकडे वळतात, शेवटची सरळ धाव 310 मीटरच आणि तीतही चढ. डिसेंबरमधली जपानची अत्यंत लोकप्रिय शर्यत अरिमा किनेन तिथेच होते. तिच्यातले बरेचसे घोडे चाहत्यांच्या मतदानाने निवडले जातात, आणि 1996 साली या एका शर्यतीवर सुमारे 87.5 अब्ज येन लागले होते.

मग एवढा अभ्यास करणारा जिंकतो का? आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा आठवा. भाव गर्दीच्या पैशातून तयार होतो, म्हणजे तुमची स्पर्धा त्या गर्दीशी आहे. कोण जिंकेल हे ओळखणं पुरेसं नाही. गर्दीपेक्षा जास्त ओळखावं लागतं. 1973 साली सेक्रेटेरियट हा घोडा बेल्मॉन्ट स्टेक्स शर्यतीत जिंकणार हे अमेरिकेत पोरासोरांनाही ठाऊक होतं. तो 31 घोड्यांच्या लांबीइतकं अंतर ठेवून जिंकला. ज्ञान अचूक ठरलं, पण दोन डॉलरला मिळाले फक्त 2 डॉलर 20 सेंट. त्याच्या नावाची 5,617 तिकिटं तर कोणी वटवलीच नाहीत. वीस सेंटच्या नफ्यापेक्षा तो कागद जवळ असणं लोकांना मोलाचं वाटलं.

गर्दी साधारणपणे शहाणी असते. ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसे, तो फेव्हरिट सुमारे तीनातल्या एका शर्यतीत जिंकतो. दहाबारा घोड्यांतून तिसरा हिस्सा एकट्याने न्यायचा, म्हणजे गर्दीचा अंदाज चांगलाच म्हणायचा. पण तिच्या सवयीही आहेत. मोठ्या भावाच्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात, हे अमेरिकी शर्यतींच्या अभ्यासातून 1949 सालीच मांडलं गेलं. म्हणजे रिच स्ट्राइकची बातमी वाचून दर शर्यतीत ऐंशीचा घोडा धरणाऱ्याचं नुकसान फेव्हरिट धरणाऱ्यापेक्षा जास्त होतं.

गर्दी कधी चुकते? बहुधा तिला घोड्याची माहिती नसते तेव्हा, किंवा माया फार असते तेव्हा. माहिती नसण्याचं उदाहरण 2021 चं. कॅलिफोर्नियातल्या डेल मारला ब्रीडर्स कपच्या डिस्टाफ शर्यतीत मार्श लॉरेन ही जपानी घोडी जिंकली आणि दोन डॉलरला 101 डॉलर 80 सेंट मिळाले. जपानच्या मातीच्या ट्रॅकवर तिने काय केलं होतं, याकडे अमेरिकी गर्दीने पाहिलंच नव्हतं. आता तसं राहिलेलं नाही. 2024 च्या डर्बीत जपानचा फॉरेव्हर यंग अगदी थोडक्यात तिसरा आला आणि 2025 ची ब्रीडर्स कप क्लासिक त्याने जिंकली. गंमत अशी, की जपानी घोड्यांच्या या बळामागे एक अमेरिकी घोडाही आहे. 1989 ची केंटकी डर्बी जिंकणारा संडे सायलेन्स पैदाशीसाठी जपानला विकला गेला. डीप इम्पॅक्ट हा त्याचाच मुलगा.

मायेचं उदाहरण फ्रान्सचं. परदेशातल्या निवडक शर्यतींवर पैज लावायची सोय जपानी लोकांना 2016 पासून मिळाली. पण त्यांचे पैसे त्या देशातल्या पैशांत मिसळत नाहीत. जपानचा गल्ला वेगळा, म्हणून भावही वेगळा. एकाच दिवशी एकाच टोमॅटोला दोन बाजारांत दोन दर मिळावेत, तसंच हे. त्या वर्षीच्या आर्क या फ्रेंच शर्यतीत जपानी गल्ल्यात फेव्हरिट होता घरचा माकाहिकी. तो चौदावा आला.

आता शेवटचा, आणि सर्वांत महत्त्वाचा, हिशेब अडतीचा. जपानमध्ये विजेत्याच्या साध्या पैजेवर 20 टक्के कापतात, पहिले तीन क्रमाने ओळखायच्या पैजेवर 27.5 टक्के. अमेरिकेतही साधारण 15 ते 25 टक्के जातात. यातून जपानमध्ये एकूण विक्रीच्या दहा टक्के आणि नफ्याचा निम्मा भाग सरकारी तिजोरीत जातो. तो पशुपालन आणि समाजकल्याणाकडे वळतो, हे चांगलंच. पण पैज लावणाऱ्याच्या बाजूने पाहा. शंभर रुपये घेऊन जो गर्दीइतकाच हुशार आहे, त्याने मिळेल ते पुढच्या शर्यतीवर लावायचं ठरवलं, तर सरासरीने शंभराचे ऐंशी, मग चौसष्ट, आणि पाच शर्यतींनंतर तेहतीसच उरतात. म्हणजे नफा हवा असेल तर गर्दीहून थोडं शहाणं असून भागत नाही. अडत भरून निघेल इतकं शहाणं असावं लागतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, ते योग्यच आहे. पण कौशल्य लागतं याचा अर्थ थोडंफार कौशल्य असलेला प्रत्येक जण फायद्यात राहतो, असा होत नाही.

जाता जाता हारू उरारा या घोडीविषयी सांगतो, कारण भाव म्हणजे काय हे तिच्याइतकं स्पष्ट कोणी दाखवलेलं नाही. ही जपानच्या कोची रेसकोर्सवरची घोडी 113 शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. हरूनही पुन्हा पळणारी म्हणून सगळा देश तिच्यावर जीव लावू लागला. मार्च 2004 मध्ये तिच्या पाठीवर युताका ताके हा जपानचा ख्यातनाम जॉकी बसला, तेव्हा लोकांनी तिच्यावर एवढे पैसे लावले की ती फेव्हरिट ठरली. अकरा घोड्यांत ती दहावी आली. तिचं तिकीट लोक गाडीत जपून ठेवत. जपानीत तिकीट ‘न लागणं’ आणि गाडीचा धक्का ‘न लागणं’ या दोन्हींना शब्द एकच. मराठीतही तो एकच आहे, त्यामुळे त्यांची भावना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

त्या दिवशी फलकावर तिच्या नावापुढे होतं ते तिच्यावरचं प्रेम, पैशांत मोजलेलं. तिचा वेग त्या आकड्यात कुठेच नव्हता. तेव्हा शर्यती जरूर पाहा, घोड्यांचा अभ्यासही करा, त्यात फार आनंद आहे. मात्र खिडकीपाशी जायचंच असेल, तर गेलेले चालतील एवढेच पैसे खिशात ठेवा.