बर्फात अडकलेलं एक वर्ष: ‘बेल्जिका’ जहाजावरचा रोजचा दिवस

या वेळच्या अभ्यासलेखासाठी दैनंदिनी हा प्रकार घेतलाय. दैनंदिनी म्हटलं की आपण मोठ्या घटना शोधतो. पण ज्या ठिकाणी महिनोन्‌महिने घटनाच घडत नाही, तिथे माणूस काय लिहितो? अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकून पडलेलं ‘बेल्जिका’ हे जहाज त्यासाठी चांगलं उदाहरण आहे. तो खंड आपल्याला वाटतो तितका परका नाही. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम १९८१ साली गोव्याहूनच निघाली होती. ‘बेल्जिका’ची गोष्ट मात्र त्याच्या बरीच आधीची आहे.

जहाज आणि माणसं

‘बेल्जिका’ हे मुळात देवमाशांच्या शिकारीसाठी नॉर्वेत बांधलेलं लाकडी जहाज. शिडं होतीच, शिवाय वाफेचं इंजिन. ऑगस्ट १८९७ मध्ये ते बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातून निघालं. मोहिमेचा प्रमुख आद्रियँ द जेर्लाश बेल्जियमचा, त्याच्या हाताखालचा कप्तान जॉर्ज लकवँत बेल्जियमचाच. रोआल्ड अमुंडसेन हा २५ वर्षांचा नॉर्वेजियन अधिकारी. दक्षिण ध्रुवावर १९११ साली पहिल्यांदा पोचला तोच हा. डॉक्टर फ्रेडरिक कुक अमेरिकन. शास्त्रज्ञांमध्ये पोलंडचे आर्क्टोव्स्की आणि दोब्रोव्होल्स्की, रुमानियाचा राकोव्हित्सा. म्हणजे एका छोट्या जहाजावर पाच देश आणि त्याहून जास्त भाषा.

मार्च १८९८ च्या सुरुवातीला जहाज बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फात गच्च अडकलं. त्यावर तेव्हा १८ माणसं होती. एक तरुण खलाशी जानेवारीतच समुद्रात वाहून गेला होता. अंटार्क्टिकाच्या बर्फात आख्खा हिवाळा काढणारं हे पहिलंच जहाज, त्यामुळे विचारायला कोणी अनुभवी माणूस नव्हता. सगळ्यांना पुरतील एवढे गरम कपडेही नव्हते.

दिवस कसा बनवायचा?

१७ मे रोजी सूर्य मावळला तो सुमारे ७० दिवस उगवलाच नाही. आपण सहज म्हणतो, ‘दिवस उगवला’. इथे तो उगवत नव्हता, माणसांना तो हातांनी तयार करावा लागत होता. कशानं? ठरलेल्या कामांनी.

दर तासाला हवामानाची नोंद घ्यायची: तापमान, हवेचा दाब, वारा. थंडी कितीही असो, कुणीतरी बाहेर जायचंच. या नोंदींमुळेच अंटार्क्टिकातल्या एका पूर्ण वर्षाच्या हवामानाची माहिती जगाला पहिल्यांदा मिळाली. बाकी वेळात बर्फ वितळवून पाणी करायचं, डेकवरचा बर्फ उपसायचा, फाटलेले कपडे शिवायचे. व्यायाम म्हणून जहाजाभोवती गोल गोल चालायचं. या वाटेला जहाजावरच ‘वेड्यांची फेरी’ अशा अर्थाचं नाव पडलं होतं. राकोव्हित्सा सहकाऱ्यांची व्यंगचित्रं काढायचा. एकदा तर जुन्या सचित्र मासिकांतल्या बायकांची चित्रं काढून त्यांची सौंदर्यस्पर्धा घेतली, रीतसर मतदान करून! वाचताना हसू येतं, पण ही नुसती गंमत नाही. कशावर तरी वाद घालायला मिळणं हीच तिथे मोठी गरज होती.

तरी अंधाराने आपलं काम केलंच. ५ जूनला एमिल दांको हा शास्त्रज्ञ हृदयविकाराने गेला. पुरायला जमीन नव्हती. बर्फाला भोक पाडून, पायांना वजन बांधून त्याचा देह खालच्या पाण्यात सोडावा लागला. त्याच महिन्यात जहाजावरचं लाडकं मांजर ‘नान्सेन’ही मेलं. माणसं गप्प होत गेली, आणि काहींचं मानसिक संतुलन ढळलं.

ताटातला प्रश्न

या सगळ्यात जीव वाचवणारी गोष्ट निघाली जेवणाची. शिधा बहुतेक डबाबंद: मांसाचे आणि माशांचे गोळे, मऊ, एकाच चवीचे. दातांना काही कामच उरलं नाही, अशी कुकची तक्रार आहे. काही आठवड्यांत चेहरे फिकट पडले, घोटे सुजले, नाडी बिघडली. ही स्कर्व्हीची चिन्हं होती. ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच १९१२ साली आला, म्हणजे कारण तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. पण कुक याआधी पिअरीच्या मोहिमेबरोबर ग्रीनलँडला जाऊन आला होता. तिथले लोक ताज्या मांसावर जगतात हे त्याने पाहिलं होतं. तो म्हणाला, सील आणि पेंग्विन खा, तेही फार न शिजवता.

अडचण चवीची होती. हे मांस काळसर, माशासारख्या उग्र वासाचं. स्वतः मोहीमप्रमुखालाच ते आवडत नव्हतं. आणि वरच्या माणसाने ताट बाजूला सारलं की खालच्यांना खा म्हणून कोण सांगणार? अखेर लकवँत अंथरुणाला खिळला, त्याने मृत्युपत्रही लिहून ठेवलं. मग त्याने डॉक्टरचं ऐकायचं ठरवलं. ताजं मांस, आणि रोज ठरावीक वेळ उघड्या अंगाने शेगडीसमोर उभं राहायचं. सूर्य नाही, तर निदान शेगडीची ऊब आणि उजेड. थोड्याच दिवसांत तो उठून बसला. ते पाहून बाकीच्यांनीही तोंड वाकडं करत का होईना, खायला सुरुवात केली.

शेवटी करवती

उन्हाळा आला तरी बर्फ सुटेना. दुसरा हिवाळा काढणं अशक्य होतं. जहाजापासून सहाशे-सातशे मीटरवर एक मोकळं पाणी होतं. जानेवारी १८९९ मध्ये सगळ्यांनी तिथपर्यंत कालवा कापायला घेतला. लांब करवती, थोडी स्फोटकं, आणि पाळ्या लावून रात्रंदिवस काम. शास्त्रज्ञ, अधिकारी, खलाशी, सगळे एकाच करवतीला. एकदा बर्फ सरकून सगळी मेहनत वाया जाते की काय अशी वेळ आली. फेब्रुवारीत जहाज त्या कालव्यातून निघालं आणि १४ मार्च १८९९ रोजी खुल्या समुद्रात पोचलं. सुमारे एक वर्ष आणि दोन आठवडे ते कैदेत होतं.

सांगणारा खरा की खोटा?

आता अभ्यासकाला टोचणारी गोष्ट. हे वर्ष आपल्याला सगळ्यात सविस्तर सांगतो तो कुक, १९०० साली आलेल्या त्याच्या पुस्तकातून. याच कुकने पुढे अलास्कातलं डेनाली शिखर आणि उत्तर ध्रुव आपण सर केल्याचे दावे केले. ते आज मान्य नाहीत. १९२३ साली तेलकंपनीच्या फसवणुकीत त्याला शिक्षाही झाली. मग शेगडी, पेंग्विन आणि लकवँतचं बरं होणं यावर विश्वास ठेवायचा की नाही?

माझं उत्तर ‘हो’ आहे, आणि त्याचं कारण कुक नाही. कारण आहे जहाजावरचे बाकीचे लिहिणारे. द जेर्लाशने लिहिलं, लकवँतने लिहिलं, अमुंडसेनने रोजनिशी ठेवली. शिखराच्या दाव्याला इतके लिहिणारे साक्षीदार नव्हते. ‘बेल्जिका’वर मात्र प्रत्येक ताटाला सतरा साक्षीदार होते. अमुंडसेनने १९२७ च्या आत्मचरित्रात कुकला मनापासून श्रेय दिलं, आणि त्याआधी १९२६ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला भेटूनही आला. अर्थात, तीस वर्षांनी लिहिलेली आठवण आणि त्याच रात्री लिहिलेली नोंद यांचं वजन सारखं धरायचं नसतं. तिथेही ताळा घ्यायचाच.

म्हणून दैनंदिनी वाचताना पराक्रमाच्या पानांवर जरा सावध राहा, आणि जेवणाच्या, आजारपणाच्या, कंटाळ्याच्या पानांवर जास्त थांबा. या लोकांना वाचवलं तेही त्या पानांवरच्याच गोष्टींनी.

चर्चेसाठी प्रश्न

१. एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा लिहिला असेल तर खरं कसं ठरवाल?
२. प्रमुखाच्या आवडीनिवडीचा परिणाम सगळ्यांवर होतो. हे दाखवणारा एखादा प्रसंग मराठी आत्मचरित्रांत शोधा.
३. काहीच न घडलेल्या एका दिवसाची दैनंदिनी दहा ओळींत लिहा. त्यात ‘कंटाळा’ हा शब्द वापरायचा नाही.