एका स्वराची साधना

आपली बासरी वेळूची. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील फ्ल्यूट बहुधा धातूचा असतो व त्याला कळा बसविलेल्या असतात. त्याच्या आजच्या घडणीचा पाया थिओबाल्ट बोम या जर्मन वादकाने १८४७ साली घातला. कळांनी बोटांचे श्रम हलके केले. नाद मात्र ओठ व श्वास यांच्याच स्वाधीन राहिला. त्या नादाची उपासना ज्याने जन्मभर केली, त्या मार्सेल मॉईझ या फ्रेंच वादकाचे चरित्र मननीय आहे.

मॉईझ यांचा जन्म १७ मे १८८९ रोजी फ्रान्समधील सेंतामूर या लहानशा गावी झाला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई निवर्तली व परक्या कुटुंबाने त्यांस वाढविले. पुढे पॅरिसच्या सरकारी संगीतविद्यालयात ताफानेल, एनबँ व गोबेर या गुरूंचा त्यांस लाभ झाला आणि १९०६ साली, सतराव्या वर्षी, त्यांनी तेथील पहिले पारितोषिक मिळविले. नंतर ‘ऑपेरा कोमिक’ या नाट्यगृहात ते अनेक वर्षे प्रमुख फ्ल्यूटवादक होते. तेथे थोर गायकांचे गाणे नित्य कानी पडे. वाद्यानेही कंठाप्रमाणे गावे, हा त्यांचा आग्रह त्याच सहवासात दृढ झाला.

१९३२ साली ते आपल्याच विद्यालयात अध्यापक झाले आणि १९३४ मध्ये नादसाधनेवरील त्यांचे छोटेसे पुस्तक निघाले. त्यातील पहिला पाठ दिसावयास अगदी साधा आहे. मधल्या सप्तकातील सहज वाजणारा एक स्वर घ्यावा. तो मनासारखा जमला म्हणजे लगतच्या खालच्या अर्धस्वरावर उतरावे. मात्र नादाची प्रत यत्किंचितही ढळू देऊ नये. स्वर उतरतो तसतशी नळीतील हवेची लांबी वाढते, आणि ओठांची ठेवण किंचित बदलावी लागते. पायरी अर्ध्याच स्वराची असल्यामुळे तो बदल कानास कळतो व ओठांस पेलतो. अशा रीतीने चांगल्या स्वराच्या आधाराने शेजारचा स्वर सुधारत जातो.

पुत्र लुई पियानोवर, स्नुषा ब्लांश व्हायोलिनवर व स्वतः मॉईझ फ्ल्यूटवर, असे त्यांचे त्रिकूट प्रसिद्ध होते. मोजक्या वादकांनी एकमेकांचे ऐकत वाजविण्याच्या या प्रकारास चेंबर म्यूझिक म्हणतात. येथे प्रत्येक भागास एकच वादक असल्यामुळे कोणाचीही चूक झाकत नाही. त्याचप्रमाणे इतरांवर कुरघोडी करणाराही शोभत नाही.

१९४० साली जर्मन फौजा पॅरिसवर चालून येताच मॉईझ यांनी शहर सोडले. युद्धानंतर ते परतले, तेव्हा त्यांच्या जागी दुसरे अध्यापक नेमलेले होते. विद्यालयाने त्यांस निराळा वर्ग दिला. तथापि पूर्वीचे स्थान गेले ते गेलेच. १९४९ मध्ये त्यांनी मायभूमी सोडली आणि अर्जेंटिनामार्गे ते अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात आले. वय साठीचे, देश परका, भाषाही परकी! परंतु श्वासात साठविलेली विद्या कोणास हिरावून घेता आली नाही. १९५१ साली रुडॉल्फ सर्किन, आडोल्फ व हेर्मान बुश हे बंधू, लुई व ब्लांश यांच्यासह त्यांनी मार्लबरो येथे उन्हाळी संगीतसंमेलनाचा पाया घातला. तेथे मुरलेले वादक व तरुण एकाच वर्तुळात बसून वाजवू लागले. जेम्स गॉलवे, पॉला रॉबिसन यांसारखे पुढे विख्यात झालेले वादक मॉईझ यांच्यापाशी शिकले. १ नोव्हेंबर १९८४ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी, ते निधन पावले.

पालकहो, मुलाने आज किती पाठ संपविले, असे आपण नित्य विचारतो. त्याबरोबरच, आज कोणती एक गोष्ट नीट जमली, हेही विचारावे. आणि मुलांनो, गणिताची एक रीत असो, कवितेचे एक कडवे असो वा पेटीवरील एक स्वर असो, तो निर्दोष होईपर्यंत त्यापाशी थांबण्याचे धैर्य धरा. पुढचा स्वर त्याच्याच आधाराने सुधारावयाचा आहे.