बर्फातील पहिली पदयात्रा : जाण्यापूर्वीचा अभ्यास

मुलचेरा आणि बर्फ हे दोन शब्द एका वाक्यात आलेले पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. आमच्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पौषातील एखाद्या पहाटे तो दहा-बारा अंशांवर उतरला की सारे गाव शेकोटीभोवती जमते. बर्फ आम्ही पाहिला तो लग्नघरच्या सरबतात किंवा बाजारातील मासळीच्या पेटीत. असे असता आमच्या वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांनी हिमालयात जाऊन बर्फावर चार दिवसांची पदयात्रा करण्याचा मनोदय व्यक्त केला, व त्यासाठी पालकांची सभा भरली. सभेत बरेच बोलणे झाले. शेवटी मागे बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी एवढेच विचारले, "गुरुजी, पोरांना न्यायचे कसे ते तुम्ही सांगितले. परत आणायचे कसे ते सांगा."

हा प्रश्न आम्हांस अगदी योग्य वाटला. त्याचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी पुरते नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही शिक्षक व विद्यार्थी यांनी मिळून जो अभ्यास केला, तो येथे मांडीत आहोत. आमच्यापैकी कोणीही अद्याप बर्फावर पाऊल ठेवलेले नाही, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे.

प्रथम एक शंका दूर करू. "आपण उन्हात वाढलेली माणसे; थंडी सोसणे आपल्या रक्तातच नाही," असे पुष्कळ जण म्हणतात. या म्हणण्यास आमच्या शेजारच्याच जिल्ह्याने उत्तर देऊन ठेविले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निराळा झाला; तत्पूर्वी आम्ही व ते एकाच चांदा जिल्ह्याचे रहिवासी होतो. त्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी, मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे व विकास सोयाम, हे मे २०१८ मध्ये ८,८४८ मीटर उंचीच्या एव्हरेस्ट शिखरावर जाऊन पोहोचले. 'मिशन शौर्य' या नावाने ही मोहीम प्रसिद्ध आहे. तिच्याही आधी, २५ मे २०१४ रोजी, शेजारच्या तेलंगणातील पूर्णा मालावथ ही कन्या वयाची १४ वर्षे पुरी होण्यापूर्वीच त्या शिखरावर उभी राहिली होती. ही सारी मुले आमच्यासारखीच उन्हात वाढलेली.

परंतु या कथेतील ज्या भागाकडे लोकांचे लक्ष जात नाही, तोच आमच्या कामाचा आहे. चंद्रपूरच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाले. ते प्रथम वर्ध्यास शिकले, मग हैदराबादेस, मग दार्जिलिंगला, आणि त्यानंतर लेह-लडाखच्या कडाक्याच्या थंडीत. म्हणजे एव्हरेस्टचे पहिले पाऊल त्यांनी टाकले ते वर्ध्याच्या उन्हात. त्यांनी शरीर, सवयी व ज्ञान ही तिन्ही पायरीपायरीने तयार केली. आमचे विद्यार्थी शिखरावर जाणार नाहीत, केवळ बर्फाळ वाटेने चालणार आहेत. तथापि पायऱ्या त्यांनाही चुकणार नाहीत.

आता थंडी म्हणजे काय ते पाहू. थंडी ही बाहेरून आत शिरणारी वस्तू नव्हे. आपल्या अंगातील ऊब बाहेर जाते, तिलाच आपण थंडी वाजणे म्हणतो. निरोगी शरीराच्या आतील उष्णता सुमारे ३७ अंश असते. ही ऊब अन्नापासून व हालचालीपासून निर्माण होते. कपडे ती निर्माण करीत नाहीत, ते फक्त राखतात. उंचीवर ही राखण अवघड होते, कारण दर १,००० मीटर चढल्यावर हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होत जाते. मुलचेऱ्याच्या पहाटेच्या १२ अंशांतून ४,००० मीटरांचे २६ अंश वजा केले, तर शून्याखाली १४ अंश उरतात. हिमालय आपल्या उत्तरेस आहे व तेथे वारा सुटतो, हे यात धरलेलेच नाही.

ऊब चोरणारे चोर मुख्यतः तीन : वारा, ओल आणि थंड जमीन. वारा अंगालगतची ऊन झालेली हवा उडवून नेतो. जमीन बसल्या-निजल्या जागी ऊब ओढून घेते. म्हणून आमच्या शेतकऱ्यांनी खळ्यावर तणस अंथरून निजण्याची चाल पाडली. तणसाच्या काड्यांत हवा अडकते, आणि अडकलेली हवा उबेची उत्तम राखणदार असते. हिवाळ्यात पाखरे पिसे फुलवून बसतात त्याचे कारण तेच. पण तिन्ही चोरांत ओल सर्वांत घातकी. पाणी हे हवेच्या मानाने सुमारे पंचवीस पट वेगाने ऊब वाहून नेते.

याची प्रचीती घेण्यासाठी आम्ही एक प्रयोग केला. तो कोणासही घरी करता येईल. मात्र गरम पाणी मोठ्या माणसाने ओतावे. पत्र्याचे तीन सारखे डबे घेऊन त्यांत सारखे कढत पाणी भरले. एक उघडा ठेविला, दुसऱ्याभोवती घोंगडीचा कोरडा तुकडा गुंडाळला, व तिसऱ्याभोवती ओले सुती फडके. तिन्ही डबे पहाटे अंगणात वाऱ्यावर ठेवून अर्ध्या तासाने हात लावून पाहिले. घोंगडीतील पाणी चांगले ऊन होते. ओल्या फडक्यातील डबा उघड्या डब्याहूनही गार झाला होता! वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग एक विद्यार्थिनी म्हणाली, "उन्हाळ्यात आई माठाला ओले फडके गुंडाळते, तसेच हे." तिने नेमके मर्म सांगितले. चालून घामाने भिजलेला सुती सदरा अंगावर ठेवून जो बर्फात उभा राहतो, तो आपल्या देहाचा माठ करितो.

यातून बर्फात चालण्याचा पहिला नियम निघतो : घाम येऊ देऊ नये. नवख्या मनुष्यास वाटते, थंडीत जितके कपडे घालावे व जितके भरभर चालावे तितके बरे. खरा प्रकार उलट आहे. चालावयास लागताना किंचित गारवा वाटेल इतकेच कपडे ठेवावे, आणि सोबत्याशी बोलता येईल इतक्याच गतीने चालावे. धाप लागून बोलणे तुटू लागले की गती कमी करावी. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ थर बरे : अंगालगत घाम न धरणारा, मध्ये लोकरीचा, वर वारा व पाणी अडविणारा. विसाव्यास थांबताच वरचा थर चढवावा. थंडी वाजू लागेपर्यंत वाट पाहू नये. अंगालगत सूत नको, कारण ते एकदा भिजले की लवकर वाळत नाही. निजतेवेळचा एक कोरडा जोड पिशवीत वेगळा बांधून ठेवावा व दिवसा कितीही मोह झाला तरी तो सोडू नये. बूट इतके घट्ट नसावेत की रक्त अडेल. पायमोजे ओले होताच बदलावे. ताजा बर्फ सूर्याचे बहुतेक किरण परत फेकतो व डोळ्यांस इजा करितो, यासाठी काळा चष्मा आवश्यक आहे.

दुसरा नियम खाण्यापिण्याचा. गूळ, शेंगदाणे, मोहफुलांचे लाडू हे खिशात असावेत व थोडथोडे खात जावे. थंडीत तहान जाणवत नाही, तरी पाणी प्यावे. तहान लागली म्हणून बर्फ मात्र खाऊ नये. विज्ञानाच्या तासाला आपण शिकतो, की शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळण्यासच ८० कॅलरी उष्णता लागते. बर्फ खाणारा ती आपल्या पोटातून देतो. आणखी एक गोष्ट पालकांसमोर स्पष्ट बोलली पाहिजे. मोहाच्या दारूने अंग गरम राहते, ही समजूत आमच्या भागात फार जुनी आहे. दारूने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून क्षणभर ऊब वाटते. प्रत्यक्षात आतील ऊब तितक्याच वेगाने बाहेर निघून जाते.

तिसरा नियम सोबतीचा. रानात एकट्याने जाऊ नये, हे आमच्या घरोघरी सांगितले जाते, ते वाघाच्या भयाने. बर्फात त्याचे कारण निराळे आहे. अंगातील उष्णता ३५ अंशांखाली गेली, म्हणजे बुद्धीही मंद होते, व ज्यास हे होते त्यासच ते कळत नाही. प्रथम हुडहुडी भरते. मग बोटांनी गुंडी लागत नाही, बोलणे अडखळते, पाय लटपटतात, मनुष्य चिडतो किंवा उगाच गप्प बसतो. पुढे हुडहुडी थांबते. अजाण सोबती म्हणतो, "आता बरे वाटते आहे याला". परंतु तीच अत्यंत धोक्याची खूण होय. अशा सोबत्यास तत्काळ वाऱ्याआड न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावे, पांघरुणात गुंडाळावे, अंगाखालीही काही अंथरावे, शुद्धीवर असल्यास ऊन व गोड पेय द्यावे, आणि वैद्यकीय साह्य मिळवावे. बोटे, नाक वा कान पांढरे व बधिर झाले असतील, तर ते चोळू नयेत, बर्फाने तर नाहीच नाही, व विस्तवावरही धरू नयेत; बधिर अवयवास भाजलेलेही कळत नाही. आपले नाक आपणांस दिसत नाही. यास्तव प्रत्येकास एक जोडीदार असावा, व त्याने दर थोड्या वेळाने आपल्या जोडीदाराचा चेहरा पाहावा आणि त्यास बोलते करावे.

चौथा नियम परतीचा, आणि सभेतील प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. उंचावर हवा विरळ होत जाते. सुमारे ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, असे जाणकार सांगतात. डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर वर न जाता थांबावे. वाढत गेल्यास खाली उतरावे. तसेच निघण्यापूर्वीच परतण्याची वेळ ठरवावी. ती वेळ झाली, की इष्ट स्थळ शंभर पावलांवर असले तरी मागे फिरावे. शंभर पावले जाण्याचे बळ असणे निराळे, आणि तेथून अंधार पडण्यापूर्वी सुखरूप येण्याचे बळ असणे निराळे.

हा नियम वहीत उतरविण्यास सोपा व पाळण्यास सर्वांत कठीण आहे, असे आम्हांस वाटते. कारण त्याच्या आड थंडी येत नाही, लाज येते. "मी थकलो" असे म्हणणाऱ्यास हसण्याची आम्हां सर्वांस खोड आहे. मैदानावर ती चालून जाते. बर्फात त्या हसण्याच्या भयाने एखादा मुलगा बधिर पाय घेऊन मुकाट्याने चालत राहील. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी आपसांत असा ठराव केला आहे, की "मला पुरे" असे जो प्रथम म्हणेल त्यास कोणी भित्रा म्हणणार नाही, आणि त्याच्याबरोबर त्याचा जोडीदार व एक मोठे माणूस मागे फिरेल.

पालकहो, या हिवाळ्यात दर रविवारी पहाटे ही मुले पाठीवर ओझे घेऊन नदीकाठापर्यंत चालत जाणार आहेत. घाम न येऊ देता चालणे, थांबताच पांघरणे, जोडीदारावर लक्ष ठेवणे, आणि ठरल्या वेळी, नदी दिसत असली तरी, मागे फिरणे, हा त्यांचा पाठ राहील. आपण एखाद्या रविवारी बरोबर यावे व स्वतः पाहावे. हा पाठ ज्यास येथे साधला नाही, त्यास आम्ही हिमालयात नेणार नाही. संमतीचा कागद पौष सरल्यावरच आपणांपुढे ठेवू. सभेत मागे बसून प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांनी पहिल्या रविवारी येण्याचे कबूल केले आहे.