एंजिनाची नाडी

वैद्यास जशी नाडी, तसें मोटारदुरुस्ती करणारास निर्वातमापक यंत्र. पेट्रोल एंजिन मंद चालत असतां थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. दट्टे हवा ओढतात, ती पुरेशी मिळत नाहीं, आणि हवेच्या नळींत अंशतः निर्वात उत्पन्न होतो. यंत्र तो पाऱ्याच्या इंचांत दाखवितें.

समुद्रसपाटीस निरोगी एंजिनाचा कांटा सुमारें १७ ते २२ इंचांवर स्थिर राहतो. स्थिर परंतु खालीं असल्यास ठिणगी उशिरा पडते किंवा नळींत बाहेरची हवा शिरते, अशी शंका घ्यावी. ठराविक अंतरानें झटका देऊन उतरल्यास एखादा व्हॉल्व्ह नीट मिटत नसावा. गति वाढवून तशीच ठेविली असतां हळूहळू उतरत गेल्यास धूर जाण्याचा मार्ग तुंबला असण्याचा संभव असतो.

मात्र दर १,००० फूट उंचीस सुमारें १ इंच कमी धरावा. मुंबईस २० इंच दाखविणारें एंजिन सुमारें ४,५०० फूट उंचीच्या महाबळेश्वरीं साडेपंधराच्या आसपासच दाखवील. तेवढ्यावरून तें खोलणें म्हणजे निरोग्यावर शस्त्रक्रिया करणें होय. म्हणून आधीं स्थळ पाहावें, मग आंकडा; आणि आंकड्याहूनहि कांट्याची चाल लक्षपूर्वक पाहावी.